कचऱ्याला पत्ता असतो

टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या पोशाखांविषयी लिहिण्याचे मी बरेच दिवस टाळत होतो. करणारे बहुतेक तरुण, हेतू चांगला, आणि टीका करणारा पर्यावरणाचा शत्रू ठरण्याची शक्यता मोठी. पण गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका महाविद्यालयात अशाच एका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो आणि गप्प राहणे अवघड झाले. बाकीच्या परीक्षकांना जो झगा पहिल्या क्रमांकाचा वाटत होता तो कागदी पेल्यांचा होता. शिवण सुबक, घेर मोठा, मुलीची चाल रुबाबदार. पेले मात्र कोरे होते. एकावरही चहाचा डाग नव्हता. विचारल्यावर तिने सरळ सांगितले, की पेले बाजारातून ठोक भावाने नवे आणले, कारण वापरलेले पेले ओले असतात, त्यांना वास येतो आणि ते एका मापाचे मिळत नाहीत. तिच्यावर माझा राग नाही. तिला जे शिकवले ते तिने चोख केले. राग आहे तो त्या शिकवणीवर. ओला, वास येणारा, एका मापाचा नसलेला, हाच तर कचरा. तो टाळून कचऱ्यावर भाष्य करता येते असे आपण मुलांना सांगत आहोत, आणि त्यासाठी बाजारात आणखी हजार पेल्यांची मागणी तयार करत आहोत.

दुसऱ्या टोकाला पॅरिस आहे. २०२२ साली तिथल्या बालेन्सियागा या फॅशन घराण्याने कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी, वासराच्या कातड्याची पिशवी १,७९० डॉलरना विकायला काढली. त्याच वर्षी मुद्दाम फाडलेले, मळवलेले बूट १,८५० डॉलरना. घराण्याचा तेव्हाचा वेशकार डेम्ना याच्या चाहत्यांनी याला उपभोगावरची मार्मिक टीका म्हटले. मला त्यात टीका सापडत नाही. कचऱ्याचे रूप उचलायचे, कचऱ्याला मात्र हात लावायचा नाही, एवढेच त्यात घडले आहे. पुण्यातली ती मुलगी आणि पॅरिसचे ते घराणे यांच्यात पैशांचे अंतर प्रचंड आहे, पण रीत एकच. दोघांनाही कचऱ्याची फक्त छबी हवी आहे.

वेशकार मार्टिन मार्जिएलाची फुटक्या बशांच्या तुकड्यांची बंडी, लष्करी मोज्यांचे स्वेटर, वेशकार लामिन कुयातेने आपल्या ‘झुली बेट’ या नावाच्या कपड्यांवर लोंबते ठेवलेले लाल दोरे हे सगळे काही वाचकांना ठाऊक असेल. एकाच गोष्टीची आठवण करून देतो. या दोघांनीही जोड लपवली नाही. मोज्याची टाच स्वेटरच्या कोपरावर आणि छातीवर टाच म्हणूनच दिसत राहिली. बाजारातून उचललेला जुना स्वेटर कुयातेने कापला, पण तो कोणाचा तरी होता हे पुसले नाही. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ज्यांनी त्यांचे नाव घेतले त्यांतल्या बहुतेकांनी नेमके हेच पुसले. २००० साली वेशकार गॅलियानोने दिऑर या फॅशन घराण्यासाठी पॅरिसच्या बेघरांचे वेश रेशमात उतरवले. त्याच्या कौशल्याविषयी वाद नाही, पण ज्यांच्या अंगावरून ते रूप उचलले त्यांच्यापर्यंत त्यातले काही परत गेले नाही.

म्हणून या कलेकडे पाहताना मी एकच गोष्ट तपासतो. पोशाखात कचऱ्याचा पत्ता शिल्लक आहे का? तो कोणी टाकला, कुठे टाकला, कोणी उचलला, हे त्या वस्त्राकडे बघून कळते का? सौंदर्य, शिवण, कल्पकता यांचा विचार त्यानंतर. ही कसोटी लावली की नकाशा पार बदलतो. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क मागे पडतात आणि किन्शासा, डकार, कंपाला, पानिपत पुढे येतात. कचरा जिथे तयार होतो त्यापेक्षा जिथे येऊन पडतो तिथली माणसे या माध्यमात जास्त खरे बोलत आहेत.

काँगोची राजधानी किन्शासाच्या मातोंगे भागात एडी एकेते आणि त्याच्या सोबत्यांचा ‘न्डाकु या ला व्ही ए बेल’ नावाचा गट आहे. २०१५ पासून ‘किनॅक्ट’ या नावाने ते रस्त्यावर उत्सव भरवतात. एकेते स्वतः पेयांच्या रिकाम्या डब्यांचा वेश घालून चालतो. डोक्यापासून पायापर्यंत डबेच. आधी खणखणाट ऐकू येतो, मग माणूस दिसतो. कोणी तुटक्या चपलांनी मढलेला असतो, कोणी टायरच्या पट्ट्यांनी, कोणी वायरी आणि फोनच्या सुट्या भागांनी. चेहरा झाकलेला. आत कोण आहे कळत नाही. त्या प्रदेशातल्या मुखवट्यांच्या परंपरेत वेश पूर्ण चढला की माणूस मागे सरतो आणि दुसरे कोणी तरी अवतरते. पूर्वी त्यासाठी साल, गवत, लाकूड, पिसे लागत, कारण अवतीभोवती तेच होते. आज अवतीभोवती डबे आणि वायरी आहेत, म्हणून आजचे भूत त्यांचे. परंपरा जपणे म्हणतात ते मला इथे दिसते. वस्तू बदलली तरी तिची रीत आणि तिचा धाक टिकून आहे.

आणि पत्ता तर ठळक आहे. काँगोच्या जमिनीतून निघणारे कोबाल्ट आणि कोल्टन जगभरच्या फोनमध्ये जाते. फोन मेला की त्याचे सांगाडे ज्या देशांत उतरतात त्यांत काँगोही आहे. जो मुलगा ते सांगाडे अंगावर बांधून मातोंगेच्या गल्लीत उभा राहतो, त्याने खाणीपासून उकिरड्यापर्यंतचा सगळा प्रवास एका शरीरावर आणलेला असतो. याला शेजारी लावलेल्या फलकाची गरज नाही. फ्रेंच छायाचित्रकार स्तेफान ग्लादियूने या कलावंतांची ‘होमो डेट्रिटस’ ही मालिका केली आणि त्यामुळे त्यांचे नाव जगात गेले. छायाचित्रे देखणी आहेत. तरी माझे मन त्यांत रमत नाही, कारण ती या माणसांना स्थिर उभे करतात आणि मग वेश पुन्हा पोशाख होतो. मला त्यांचा आवाज हवा, मागे धावणारी पोरे हवीत, रस्ता अडल्यामुळे चिडलेला गाडीवाला हवा.

सेनेगलमधली फाब्रिस माँतेरो यांची ‘द प्रॉफेसी’ ही मालिका याच कुळातली. डुल्सी या वेशकाराबरोबर त्यांनी कचऱ्याचे महाकाय जिन उभे केले. डकारच्या म्बेबेस या प्रचंड कचराभूमीवर धुरातून वर येणारी ती आकृती ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिच्या घेराची शिवण कुठे संपते आणि उकिरडा कुठे सुरू होतो हे सांगता येणार नाही. माँतेरोंना ही कथा सेनेगली मुलांपर्यंत न्यायची होती, म्हणून त्यांनी मुलांना घरीदारी ठाऊक असलेला जिन निवडला. आकडे सांगून जी भीती बसत नाही ती ओळखीच्या भुताने बसते. आपल्याकडे मुंजा आहे, वेताळ आहे, हडळ आहे. देवनारच्या डोंगरावर, जिथे १९२७ पासून मुंबई आपले उष्टे टाकत आली आहे, यांपैकी कोणाला उभे करावे असे आपल्या एकाही वेशकाराला अजून वाटले नाही.

अर्थात आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. विवान सुंदरम यांनी २०११ मध्ये दिल्लीच्या ललित कला अकादमीत ‘गागावाका’ सादर केले. टाकाऊ वस्तू आणि दवाखान्यातले साहित्य यांची वस्त्रशिल्पे त्यांनी घडवली आणि ती घालून माणसे रॅम्पवर चालवली. मराठीत यावर काही मोलाचे लिहिलेले माझ्या वाचनात नाही, आणि ही खंत मोठी आहे. सुंदरम अचानक वस्त्राकडे वळले नव्हते. २००५ च्या ‘१२ बेड वॉर्ड’मध्ये त्यांनी रुग्णालयाच्या खाटांवर गाद्यांऐवजी जुन्या जोड्यांचे तळवे बसवले होते. २००८ च्या ‘ट्रॅश’साठी कचरावेचकांच्या साथीने आपल्या स्टुडिओत कचऱ्याचे एक अख्खे नगर रचून वरून त्याची छायाचित्रे काढली होती. त्या नगरानंतर नागरिकांचे कपडे, हा क्रम तर्काला धरून आहे. ‘गागावाका’त रॅम्पचे सगळे मोह शाबूत आहेत: उंच देह, ताठ चाल, दिवे. पाहणाऱ्याची नजर आधी लोभावते, मग वस्त्र कशाचे आहे हे ओळखते आणि दचकते. मास्क, पट्टे, नळ्या. आजारी शरीराच्या उपयोगाच्या वस्तू निरोगी, विकाऊ शरीरावर. फॅशन आणि औषध या दोन्ही उद्योगांना आपल्या देहाविषयीच्या असमाधानावरच जगावे लागते, हे त्यांनी शब्दांशिवाय सांगितले. नऊ वर्षांनी साथ आली, आपण सगळेच मास्क लावून फिरलो आणि ते मास्क गटारात फेकले. तेव्हा हे काम पुन्हा कोणी तरी बाहेर काढायला हवे होते. मार्च २०२३ मध्ये सुंदरम गेले. श्रद्धांजलीच्या लेखांत त्यांच्या राजकीय कलेविषयी भरभरून आले. या वस्त्रांची जागा त्याच कामात आहे, आणि बरीच वरची आहे.

आता कंपाला. बॉबी कोलाडे हा युरोपात शिकलेला, मोठ्या फॅशन घराण्यांत काम केलेला वेशकार. युगांडात परतला तेव्हा त्याला तिथल्या कापसापासून कपडे करायचे होते. तिथे कळले की कापूस जवळजवळ सगळा परदेशी जातो आणि सूतगिरण्या नावालाच उरल्या आहेत. विदर्भाच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. खामगाव-यवतमाळचा कापूस असाच गाड्या भरभरून मँचेस्टरला गेला. कंपालामध्ये कापसाच्या बदल्यात परत येतात ते जुन्या कपड्यांचे गठ्ठे. ओविनो बाजारात ते फुटतात, आणि त्यांच्या भावापुढे स्थानिक शिंप्याचा नवा सदरा टिकत नाही. कोलाडेने २०२२ साली ‘बुझिगाहिल’ या नावाखाली त्याच गठ्ठ्यांतले कपडे उसवून, चार टी-शर्टांचा एक करून, ते पुन्हा युरोप-अमेरिकेत विकायला सुरुवात केली. मालिकेचे नाव ‘रिटर्न टू सेंडर’, पाठवणाऱ्याला साभार परत. या क्षेत्रात गेल्या दहा वर्षांत झालेले सर्वांत बुद्धिमान काम मी याला म्हणतो. कचऱ्याचा पत्ता दाखवण्यावर तो थांबत नाही, त्या पत्त्यावर माल पोचवतो, आणि वर पैसे घेतो. हे कपडे मोडीत निघालेल्या वस्तूंवरची करुणा मागत नाहीत. त्यांची किंमत चढी आहे आणि ती तशीच असली पाहिजे, कारण आत युगांडातल्या माणसांची मजुरी आहे.

बुझिगाहिलने कचरा कमी होतो का? नाही. एखाद्या कारागिराच्या हातून वर्षभरात जेवढे कपडे जातील त्याहून कितीतरी जास्त एका सकाळी ओविनोत उतरतात. घानातल्या अक्राच्या कान्तामान्तो बाजारात दर आठवड्याला दीड कोटी जुने कपडे येतात असा ‘द ऑर फाउंडेशन’चा अंदाज आहे. उत्तर घानातून आलेल्या मुली पन्नास-पंचावन्न किलोंचे गठ्ठे डोक्यावरून वाहतात. त्याच बाजारात हजारो शिंपी, रंगारी, इस्त्रीवाले हे कपडे पुन्हा उभे करतात, कोणत्याही फॅशन वीकचे निमंत्रण नसताना. २०२५ च्या पहिल्याच रात्री या बाजाराचा मोठा भाग जळाला. जगातली टाकाऊ कपड्यांची बहुधा सर्वांत मोठी कार्यशाळा एका रात्रीत बरीचशी राख झाली आणि आपल्या वर्तमानपत्रांत तिला चार ओळी मिळाल्या. कोलाडेला हा आकार ठाऊक आहे, म्हणूनच तो आपल्या कामाला उपाय म्हणत नाही. ते आरोपपत्र आहे.

बाकीच्यांचे लवकर आटोपतो. व्हिक्टर अँड रॉल्फ आणि रोनाल्ड व्हान डर केम्प यांची उरल्यासुरल्या कापडांची उंची वस्त्रे: हात अव्वल, प्रश्न कुठलाच नाही. केव्हिन जर्मानिएचे टाकलेल्या मण्यांचे झगमगाट: २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या समारोपाला शोभले, तिथेच शोभतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकचे झगे: पाच मिनिटांत कळतात, पाच मिनिटांत विसरतात. न्यूयॉर्कची एमिली बोडी जुन्या गोधड्या कापून कोट शिवते आणि समीक्षक तिला स्मृतीची कवयित्री म्हणतात; मला ती एका जित्या वस्तूचा शेवट करताना दिसते.

आपल्याकडच्या वेशकारांत पुण्याच्या ‘का-शा’च्या करिश्मा शहानी खान यांना मी वेगळे काढतो. स्वतःच्या कार्यशाळेत पडणारे कात्रण त्यांनी पहिल्यापासून कच्चा माल म्हणून धरले आणि ‘हार्ट टू हाट’ या उपक्रमात त्याची वस्त्रे केली. दुसऱ्याच्या उकिरड्यावर जाऊन छायाचित्र काढून घेण्यापेक्षा आपल्या मशीनखालची चिंधी मोजणे जास्त प्रामाणिक आहे. दिल्लीच्या ‘डूडलेज’ने कारखान्यांतल्या उरलेल्या तुकड्यांवर उभे केलेले कामही त्याच जातीचे. अमित अगरवाल यांनी जुन्या बनारसी आणि पटोळ्यांना औद्योगिक पदार्थांशी जोडून जे घडवले ते डोळ्यांना विलक्षण आहे, पण त्यात लग्नाच्या मोसमाचा अंदाज आधी दिसतो.

या सर्वांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो मेघना गुप्ता यांचा ‘अनरॅव्हल’ हा २०१२ चा छोटासा चित्रपट. तो फॅशनवरचा चित्रपट म्हणून कोणी पाहत नाही, पाहायला हवा. पश्चिमेतले टाकलेले कपडे कांडल्याला येतात आणि तिथून पानिपतला. तिथे बाया ते विळीसारख्या पात्यावर फाडतात, बटणे-चेन काढतात, रंगवार ढीग लावतात, आणि त्याचे पुन्हा सूत होते. काम करता करता या बायका विचार करतात की इतके चांगले कपडे लोक टाकतात तरी का. त्यांचे अनुमान असे, की तिकडे पाणी फार महाग असणार, धुणे परवडत नसणार. मी हे अनुमान कितीदा तरी मनात घोळवले आहे. त्यात भाबडेपणा शोधणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा. शहाण्या माणसाला एखादा धडका कपडा फेकण्याचे कारण शोधायला बसवले तर टंचाई सोडून दुसरे कारण त्याला सुचणारच नाही. कंटाळा हे कारण त्यांच्या जगात बसत नाही. उपभोगाची याहून नेमकी समीक्षा मला एकाही रॅम्पवर सापडलेली नाही. लंडनच्या प्रिया अहलुवालिया यांनी पानिपत आणि लागोस पाहून २०१८ मध्ये ‘स्वीट लस्सी’ हे छायाचित्रांचे पुस्तक केले आणि आपले कपडे त्या पाहण्यातून काढले, म्हणून त्यांचे जोडकाम इतरांहून भारदस्त वाटते. त्या ढिगापर्यंत गेल्या होत्या.

आणि आता आपल्या घराकडे येतो. लुगडे मध्ये विरले की त्याला दंड घालायचे, म्हणजे विरलेला भाग काढून दोन धडके भाग जोडायचे. पुढे त्याचे परकर-दुपटे, मग गोधडी, गोधडी फाटली की तिच्यावर आणखी एक थर, शेवटी पोतेरे. धावदोऱ्याने कडेकडून आत येत शिवलेल्या गोधडीत कोणते ठिगळ कोणाच्या लुगड्याचे हे आजीला ठाऊक असे. याहून नेमका पत्ता कुठला? तरीही ‘आपल्याकडे हे आधीच होते’ असे म्हणून छाती फुगवणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही. ती टंचाईतून आलेली कला होती, बायकांच्या रात्रीच्या जागरणातून आलेली होती, आणि तिचे पैसे कोणाला कधी मिळाले नाहीत. अलाबामातल्या जीज बेंडच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात पोचल्या, आणि पाच वर्षांनी त्याच गावच्या बायकांना आपल्या हक्कांसाठी न्यायालयात जावे लागले. गोधडीला कलादालनात नेणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

शिवाय गोधडीच्या त्या साखळीला एक अट होती, कापड सुती असण्याची. सुती चिंधी पाणी पिते, तेल पुसते, म्हणून गॅरेजवाला ती विकत घेतो. पॉलिस्टरची चिंधी जवळजवळ काहीच शोषत नाही. कापूस आणि पॉलिस्टरच्या मिश्र धाग्यातून दोन्ही वेगळे काढणे आजही महाग आणि किचकट आहे, त्यात ताणणारा धागा असला की आणखी कठीण. बोहारीण दारात येऊन कपडा चिमटीत धरून चुरगळून पाहायची, त्या चिमटीत हे सगळे शास्त्र होते. सिंथेटिक साड्यांना ती हलके भांडेच द्यायची. आज कितीतरी घरांत कपाटे ओसंडत आहेत, पण तिला घेण्यासारखे त्यांत थोडेच उरले आहे. भंगाराच्या दुकानातही कापडाला जवळपास भाव नाही. पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांपासून होणारी घोंगडी मागे पडली आणि नव्या पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी त्यांची जागा घेतली. टाकाऊचे टिकाऊ करणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या यंत्रणांपैकी एक स्वस्त नव्या धाग्यापुढे हरत आहे, आणि आपण रॅम्पवर बाटल्यांच्या झग्यांना टाळ्या देत आहोत.

हा वाद मग वेशकारांशी उरत नाही. २००० साली जगात सुमारे ५ कोटी ८० लाख टन धागा तयार होत होता, २०२३ मध्ये १२ कोटी ४० लाख टन. त्यात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या पॉलिस्टरचा. कपड्यांतून पुन्हा कपडाच होतो असे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे. या आकड्यांसमोर मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमधले ‘सर्क्युलर डिझाइन चॅलेंज’ ठेवून पाहा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेमागे ‘आर एलान’ हे नाव आहे, म्हणजे रिलायन्स, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या पॉलिस्टर उत्पादकांपैकी एक. पहिला मान ‘आय वॉज अ सारी’ या मुंबईच्या उपक्रमाला मिळाला. जुन्या साड्यांपासून वस्तू करणाऱ्या तिथल्या बायकांच्या कामाविषयी मला आदर आहे आणि बक्षीस त्यांच्या हक्काचे होते. माझा आक्षेप मंचावर आहे. जो उद्योग दरवर्षी नव्या धाग्याचे डोंगर उभे करतो तोच कचऱ्यावरच्या कलेचा यजमान असेल, तर त्या मंचावर ‘कमी बनवा’ हे वाक्य उच्चारले जाणार नाही. पुनर्वापर करा, कल्पक व्हा, बाटलीचा धागा वापरा, सगळे चालेल. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, पुन्हा पुन्हा होऊ शकते. तिचा सदरा केला की तो सदरा बहुतेक वेळा थेट कचराभूमीवरच जातो. याला वर्तुळ म्हणणे मला मान्य नाही. आणि २०२० मध्ये भारतात बंदी आलेली शीइन ही स्वस्त कपड्यांची कंपनी २०२५ च्या फेब्रुवारीत याच समूहाच्या किरकोळ विक्री कंपनीचा हात धरून परतली, हेही त्या मंचावरच्या सत्कारांच्या शेजारी लिहून ठेवले पाहिजे.

कोणी म्हणेल, कलाकाराने प्रश्न विचारावा, धोरण ठरवणे त्याचे काम नव्हे. मान्य. मग प्रश्न तरी विचारा. ‘माणसाने निसर्गाचे काय करून ठेवले’ हा प्रश्न नव्हे, कारण त्यात कोणीच आरोपी नाही. कोणत्या कंपनीने, किती, कुठे, आणि निस्तरण्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून वेचकांच्या बाजूने हेच विचारत आली आहे. आपल्या वेशकारांना कचरा वेचणाऱ्या बायकांचे हात छायाचित्रात हवे असतात. त्यांचा दर लेबलवर छापायची तयारी दाखवणारा अजून मला भेटायचा आहे. टाकाऊपासून केलेल्या प्रत्येक वस्त्रावर माल कुठून आणला, किती किलो, कोणी निवडला आणि त्याला काय दिले, एवढ्या चार ओळी असाव्यात. ज्याला हे छापता येत नाही त्याने आपल्या कामाला कचऱ्यावरचे भाष्य म्हणू नये. सुंदर कपडा म्हणावे, तेही कमी नाही.

फ्रान्समध्ये २००७ पासून कपड्यांच्या उत्पादकांना आपल्या मालाच्या शेवटाचा खर्च कायद्याने उचलावा लागतो, आणि न विकलेले कपडे जाळून-पुरून टाकायला २०२२ पासून बंदी आहे. आपल्याकडे प्लॅस्टिकसाठी, ई-कचऱ्यासाठी, बॅटऱ्यांसाठी, टायरसाठी उत्पादकांवर अशी जबाबदारी आहे. कपड्यांसाठी नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या वस्त्रोत्पादक देशांपैकी एकात हे चालले आहे, आणि आपला सगळा फॅशनव्यवसाय त्यावर मौन पाळून आहे. तरुण वेशकारांनी पुढच्या मोसमात झगे जरा कमी शिवावेत, आणि रॅम्पवरून हा कायदा मागावा.